काल कुठं फसलाव?

सकाळी शाळेत शिरल्यावर बाकीचे लोक एकमेकांना 'गुड मॉर्निंग' करायचे. हटकर मॅडम विचारायच्या, "काल कुठं फसलाव?"

माझ्या पहिल्या दिवशीही त्यांनी हेच विचारलं. मी पुण्याची, लग्न होऊन हैदराबादेत कुकटपल्लीला आलेली. हातात नेमणुकीचं पत्र, अंगावर कडक इस्त्रीची साडी. काचीगुड्यातल्या त्या शाळेच्या जिन्यात एक बुटक्या, सावळ्या बाई समोर आल्या. सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, काखेत गणिताच्या वह्यांची चळत. मी म्हटलं, "मी आजच जॉइन होतेय."

"मंग काल रिकाम्याच होताव?" असं म्हणून त्या दोन-दोन पायऱ्या चढत निघूनही गेल्या. मला राग आला. खरं सांगायचं तर तो राग पुढे आठवडाभर टिकला, कारण त्या रोज विचारत होत्या आणि मी रोज "कुठंच नाही" म्हणत होते. आठव्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "काल लोहचुंबक शिकवताना चुंबकच चालला नाही, झालं समाधान?" तर या बाई तिथंच थांबल्या. चुंबक कुठला, किती जुना, मुलं काय म्हणाली, मी काय सारवासारव केली, सगळं खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "आता कळलं तुम्ही वर्गात जाताव म्हणून."

त्या साठीला टेकल्या होत्या. गणित शिकवायच्या. निवृत्तीचं वय उलटलं होतं आणि दर जूनमध्ये संस्थेचे सेक्रेटरी साहेब एका वर्षाची मुदतवाढ सही करून देत, तेवढ्यावर त्या वर्गात उभ्या होत्या. वडील नांदेडकडून रेल्वेत गँगमन म्हणून आले आणि इथलेच झाले. घर अंबरपेठला, दोन खोल्या, भावाचा संसार, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली जुन्या वह्यांचे गठ्ठे. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं." अंबरपेठहून शाळेत चालत यायच्या, कारण बस फार थांबते. चहा उभ्यानं. डबा खाताना एक घास आणि एक फेरी. मी एकदा म्हटलं, मॅडम, तुमच्या पायाला भिंगरी आहे. त्या म्हणाल्या, "भिंगरी नाई, काळजी. माझी सातवी खाली एकटी आहे."

ब्लॉगचं खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, तेही चालता चालताच. कुठल्याशा खेड्यातल्या एका बाईचा तेलुगू ब्लॉग त्यांच्या भाच्यानं फोनवर वाचून दाखवला होता. त्या बाईंनी भिंग शिकवताना एका मुलाची वहीच जाळली होती आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मॅडम खूप हसल्या आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ओ पुणेकर, त्या बाईला मी कधी पाहिलं नाई. पण तिचा वर्ग मला मालूम आहे. अन् आपण नऊ जण एका खोलीत चहा पितो, तुम्ही वर काय शिकवायलाव ते मला मालूम नाई. हे कायचं बरं?"

आमच्या स्टाफरूममध्ये शिकवण्याबद्दल बोलणं हे जरा चावटपणाचं मानलं जायचं. मुलींची लग्नं, गुडघेदुखी, भाड्याचं घर, यावर तासन्‌तास. शिकवण्याचा संबंध फक्त पाठाच्या टाचणवहीशी. पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी काय शिकवणार ते त्या वहीत लिहायचं आणि शनिवारी सहीला पाठवायचं. लिहायचं म्हणजे गेल्या वर्षीचं उतरवायचं. गेल्या वर्षीचं हे त्याच्या आदल्या वर्षीचं उतरवलेलं असायचं. सही करणारे वाचत नसत, लिहिणारेही वाचत नसत. मीसुद्धा महिनाभरात त्यात पटाईत झाले, उगाच सोवळेपणा कशाला सांगू.

नवरा आयटीत, म्हणून मला कॉम्प्युटर येतो असा सगळ्यांचा समज होता. त्यामुळे शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर सगळ्यांचे ब्लॉग उघडून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नऊ जणांची नऊ खाती मीच काढली आणि नवांचे पासवर्ड माझ्याच डायरीत राहिले. उरलेलं सगळं हटकर मॅडमनी केलं, आणि त्यांना स्वतःला एका बोटानं टाइप करण्यापलीकडे काही येत नव्हतं.

त्यांची पद्धत अशी होती. कॉम्प्युटरच्या खोलीत शिक्षकांना जोडीनं बसवायचं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं. "लिहिता येत नाई म्हणणाऱ्याला बोलता येतंच की. आपली जातच बोलणाऱ्यांची." चार गोष्टी सांगायच्या. काय शिकवत होतो, कुठं फसलं, लेकरं काय म्हणाली, उद्या काय वेगळं करणार. फुलांचे फोटो नाहीत, सुविचार नाहीत. मराठीत लिहा, तेलुगूत लिहा, इंग्रजी अक्षरांत उर्दू लिहा, चालेल. आणि एकदा टाकलेलं काढायचं नाही. "आज फसलं ते उद्या सुधरंल, पण फसलेलं पुसलं तर सुधरलं कशावरून?" हे सगळं त्या खोलीत येरझाऱ्या घालत सांगायच्या, आणि फिरता फिरता कुणाच्याही खांद्यावरून वाकून पडद्यावर बोट ठेवायच्या. पडद्यावर त्यांच्या बोटाचे ठसे असत.

पहिल्यांदा गाडी रुळावर आली ती रझिया आपांमुळे. त्या हिंदी शिकवायच्या, जन्म काचीगुड्यातला, जिभेवर अस्सल दखनी. पुस्तकात हिमवर्षावाची एक कविता होती. त्यांनी वर्गात विचारलं, बर्फ कुठे बघितलाय? एक पोरगी म्हणाली, मासळीच्या दुकानात. दुसरी म्हणाली, शरबताच्या गाडीवर. सगळा वर्ग मासळीवर गेला आणि कविता तिथंच संपली. आपांनी हे जसंच्या तसं सांगितलं, पीटीच्या सरांनी टाइप केलं. तीन दिवसांनी आपा मधल्या सुट्टीत फोन डोक्यावर धरून पळत आल्या. कुण्या गावच्या, कधी न पाहिलेल्या मास्तरांनी खाली लिहिलं होतं की माझ्याही वर्गात असंच झालं, मग मी फ्रिजमधला बर्फ किसून मुलांच्या तळहातावर ठेवला आणि डोळे मिटून कविता ऐकवली.

"बीस साल से पढ़ा रही हूँ," आपा म्हणाल्या, "पहली बार कोई पूछा कि कैसा पढ़ाए."

हटकर मॅडमनी तेव्हा आपांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. त्या स्वतः प्रत्येकाच्या ब्लॉगवर रोज कमेंट करायच्या, आणि ती कायम एकच असायची. 'मग लेकरं काय म्हणाली?' मुलांसाठीही त्यांनी एक पान काढून घेतलं होतं. सातवीच्या मुलांनी आपलं चुकलेलं गणित फोटो काढून टाकायचं आणि वाट कुठे चुकली ते सांगायचं. मराठी वाचता न येणारी पोरं बोलून टाकायची, कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. बरोबर गणित टाकायला मात्र बंदी होती.

आता यात सेक्रेटरी साहेब आले नसते तर बरं झालं असतं. पण त्यांना कुणीतरी फोनवर रझिया आपांचं पान दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या फाटकावर 'डिजिटल शाळा' असा फलक आणि आम्हाला सर्क्युलर, की प्रत्येक शिक्षकानं शनिवारपर्यंत 'माझा फसलेला पाठ' या विषयावर एक लेख ब्लॉगवर टाकलाच पाहिजे. मॅडमना नमुना द्यायला सांगितलं. त्यांनी दिला. भूमिती शिकवताना भिंतीवरचा तक्ता खिळ्यावरून निसटून पडला, मुलं हसली, तास बिघडला, अशी साधी हकिगत.

शनिवारी सही व्हायची म्हटल्यावर आमच्या लोकांच्या हाताला एकच वळण. त्या आठवड्यात आमच्या शाळेत आठ तक्ते पडले. इतिहासात पडला, तेलुगूत पडला, शिवणकामात पडला. पीटीच्या सरांनी तर मैदानात खो-खो शिकवताना भिंतीवरचा तक्ता पाडून दाखवला. माझाही पडला, मानवी हृदयाचा. रझिया आपांना कळवणाऱ्या त्या गावच्या मास्तरांनी सगळं वाचून शेवटी लिहिलं, 'आपल्या शाळेतले खिळे एकदा तपासून घ्यावेत.'

हटकर मॅडम सोमवारी स्टाफरूममध्ये ते वाचून दाखवताना इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही ओशाळून हसलो. मग त्या जरा तावातच म्हणाल्या, "अहो, स्वतःचं फसलेलंसुद्धा दुसऱ्याचं उतरवायचं? एवढी काय भीती?"

रझिया आपा कधी कुणाची भीड ठेवत नसत. त्या डबा बंद करत म्हणाल्या, "बुरा नक्को मानो बाई, तुमारा भी तो वैसाच है ना. चार्ट गिरा बोले तो खीले की गल्ती. उस में तुमारी कायकी?"

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी चपराश्याला उगाच वेळ विचारली आणि त्या बाहेर पडल्या.

पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. शाळेमागच्या गल्लीत चहाची एक टपरी आहे, त्यांच्या वर्गातल्या रोहिणीच्या वडिलांची. मॅडम संध्याकाळी तिथं उभ्या होत्या. रोहिणी शाळा सुटल्यावर बापाचा डबा न्यायला आली होती. आपल्याकडे हैदराबादेत एक चहा दोघांत घेतात, त्याला 'वन बाय टू' म्हणतात. त्या दिवशी तिघं रिक्षावाले आले आणि दोनच चहाचे पैसे ठेवून म्हणाले, टू बाय थ्री. बाप भजी तळत होता. रोहिणीनं दोन ग्लासांतला चहा तीन कपांत असा ओतला की कुणाला घोटभर कमी नाही की जास्त नाही. मग बापाला ओरडून म्हणाली, यांना एकेकाला दोन तृतीयांश दिलं, म्हणजे कप पुरा नाही.

मॅडम तीन वर्षं रोहिणीला शिकवत होत्या. अपूर्णांकाच्या तासाला या मुलीनं कधी तोंड उघडलं नव्हतं. ती डाव्या हाताची होती.

डाव्या हाताची म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरून घडलं. शाळा तपासायला कुणी यायचं असलं की आदल्या दिवशी वर्गाला सांगून ठेवायचं. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यांनी उजवा, येत नसेल त्यांनी डावा. पाहुण्याला हातांचं रान दिसतं आणि बाई उजव्या हाताला उठवतात. युक्ती फार जुनी आहे. मी पुण्यात शिकताना माझ्या वर्गातही होती, आणि मी कायम उजवी होते.

त्या संध्याकाळी हटकर मॅडमनी एका बोटानं ती पोस्ट लिहिली. वर नाव दिलं, 'डाव्या हाताची मुलं'. मला ती जवळजवळ पाठ आहे. 'मी तीस वर्षं लेकरांना डावा हात वर करायला शिकवला. पाहुणे गेल्यावर डाव्या हातांना त्यांचं काय अडलं ते विचारायला जायचं होतं, ते मी गेले नाही. पाहुणे नसतानाही काही लेकरं डावाच हात वर करू लागली, म्हणजे मला विचारू नका. मी नाही विचारलं. मला बरंच वाटलं. मी स्वतः आमच्या गावच्या शाळेत शेवटच्या रांगेत बसायचे. गुरुजी आमच्या रांगेला प्रश्नच विचारायचे नाहीत, हात कुठलाही असो. मला ते माहीत असून मी तेच केलं. माझ्या वर्गात आज नऊ लेकरं डाव्या हाताची आहेत. उद्या सकाळी आठला मी शाळेत येणार आहे.' खाली नाव, शाळेचं नाव.

दोन दिवसांत ती पोस्ट कुठल्या कुठे गेली. शिक्षकांच्या कमेंट्सचा पाऊस पडला. कुणी 'आमच्याकडे मूठ आणि पंजा' असं लिहिलं, कुणी नुसतं 'मीही' लिहिलं. मग ती पालकांच्या ग्रुपवर गेली. आणि त्या संध्याकाळी अंबरपेठ ते काचीगुडा घरोघरी आयांनी पोरांना विचारलं, तुझा हात कुठला?

दुसऱ्या दिवशी फाटकाशी गर्दी. रोहिणीची आई पुढे होती. "मॅडम, दर परीक्षेला पास करता, अन् माझ्या पोरीचा हात डावा? मग पास कशाची केली?"

हेडमास्तर ऑफिसचं दार लोटून आत बसले. हटकर मॅडम सगळ्यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. "खरंय," त्या म्हणाल्या. "डावाच आहे. तिचं काई चुकलं नाई, माझं चुकलं. कुणाकुणाचं लेकरू हाय, नाव सांगा, मी हात सांगते. अन् सकाळी आठला पाठवा." त्यांनी एकेकाला खरंखुरं सांगितलं. एक बाप शिव्या देऊन गेला. दुसऱ्या सकाळी आठला सात मुलं आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ.

सेक्रेटरी साहेब मात्र भडकले. प्रवेशाचे दिवस होते. त्यांनी मॅडमना बोलावलं, मला आणि पीटीच्या सरांनाही साक्षीला असल्यासारखं उभं केलं. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत ते काढा. जूनमध्ये तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर येणार आहे, हे लक्षात असू द्या."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, नऊ लेकरं सकाळी यायलेत. मला ती सोडायची नाई. पण पोस्ट काढणार नाई."

"दोन्ही कसं होईल?"

"ते तुम्ही ठरवा."

स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की काढणार नाही, मुदतवाढ गेली तर गेली, लेकरांना मी घरी बोलवीन. वर्ग सुटणं म्हणजे त्यांना काय होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या दिवशी आमच्या त्या मूग गिळून बसणाऱ्या स्टाफरूममध्ये एक वेगळीच हवा होती. पीटीच्या सरांनी घरी जाऊन आपला पडलेला तक्ता बाजूला ठेवला आणि एका मुलाला कान धरून मैदानाबाहेर काढलं होतं त्याबद्दल खरंखुरं लिहिलं. तेलुगूच्या बाईंनी लिहिलं. मी लिहायला बसले आणि मला सेक्रेटरी साहेबांचा फोन आला.

"परांजपे मॅडम, पासवर्ड तुमच्याकडेही आहेत ना?" एवढंच ते म्हणाले. मग माझं प्रोबेशन कधी संपतं ते विचारलं, जणू त्यांना माहीत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी, कुकटपल्लीच्या माझ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे मी डायरी काढली आणि ती पोस्ट काढून टाकली. अर्धं मिनिट लागलं नाही. मी स्वतःला सांगितलं की हे मी त्यांच्यासाठी करतेय, त्यांचा वर्ग वाचेल, मुलं वाचतील, त्या हट्टी आहेत, त्यांचं हित त्यांना कळत नाही. हे सगळं थोडंथोडं खरंही होतं. पण मला भीती माझीच वाटत होती.

सोमवारी मी मुद्दाम उशिरा गेले. जिन्यात त्या उभ्याच होत्या, काखेत वह्या. त्यांच्या ब्लॉगच्या चाव्या दोघींकडेच होत्या, तेव्हा कोडं काही नव्हतंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणणार होते काहीतरी, त्याआधी त्यांनी विचारलं, "तुमचं प्रोबेशन कधी संपतं?"

"जूनमध्ये."

"हां," त्या म्हणाल्या, आणि वर गेल्या.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत पीटीच्या सरांनी विचारलं, "बाई, तुम्हीच म्हणाला होता ना, काढायचं नाही?" मी खिडकीशी पाठमोरी उभी होते. मला वाटलं, आता. मॅडम म्हणाल्या, "नाई आता ती पोस्ट. तुम्ही तुमचं लिहा." मागून कुणीतरी म्हणालं, शेवटी सगळे सारखेच. रझिया आपांना सगळ्यात जास्त लागलं. "बाई डर गए," त्या मला हळूच म्हणाल्या, "मैं सोची थी ये नहीं डरते." मी मान हलवली. मान हलवली, म्हणजे हो म्हटलं. ते मला आजही झोंबतं.

त्या ती पोस्ट पुन्हा टाकू शकल्या असत्या. एका बोटानं का होईना, पुन्हा लिहू शकल्या असत्या. पण ती पुन्हा दिसली असती तर साहेबांनी पहिला जाब मला विचारला असता, पासवर्ड तुमच्याकडे असताना हे कसं झालं म्हणून. मॅडमनी तो हिशेब माझ्याआधी केला होता, हे मला कळायला वर्ष लागलं. माझ्यासारखीला वाचवायची त्यांना काय पडली होती, कुणास ठाऊक. मी कायम उजव्या हाताची.

जूनमध्ये त्यांना मुदतवाढ मिळाली आणि मी कायम झाले. सकाळची आठची नऊ मुलं आठवीत गेली, तरी तिथं येत राहिली. रोहिणीनं फळ्यावर दोन तृतीयांश काढताना तीन कप काढले. ती वर्गात बोलायला लागली, चुकीचंही मोठ्यानं बोलायला लागली, तेव्हा मॅडम फळ्यापासून दारापर्यंत नुसत्या चालत होत्या. मुलांचं चुकलेल्या गणितांचं पान चालू राहिलं. शिक्षकांचे ब्लॉग मात्र एकेक करून बंद पडले. दसऱ्यापर्यंत टाचणवही पुन्हा आपल्या जागी आली. मॅडम शनिवारी कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन उभ्या राहायच्या, एक-दोघं यायची, मग कुणीच येईना. मी जायचे. मी जायचे आणि आम्ही दोघी इकडचं तिकडचं बोलायचो.

आणि त्या मला रोज सकाळी विचारायच्या, "काल कुठं फसलाव?" अगदी पूर्वीच्याच आवाजात. मी रोज काहीतरी सांगायचे. प्रयोग जमला नाही, तास पुरला नाही, एक मूल रडलं. त्या सगळं नीट ऐकून घ्यायच्या, मुलं काय म्हणाली ते विचारायच्या. एकदाही त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी रोज रात्री ठरवायचे की उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, आणि सकाळी जिना चढताना चुंबक, काचनळ्या, पाऊस असलं काहीतरी शोधत असायचे.

पुढच्या वर्षी त्यांनी मुदतवाढीचा अर्जच केला नाही. नांदेडला बहीण एकटी होती, तिच्याकडे जायचं म्हणाल्या. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला. समोसे, हार, हेडमास्तरांचं भाषण. भाषणात ते म्हणाले, मॅडमचा एक मोठा गुण म्हणजे चूक कळली की त्या ती मागे घेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रझिया आपांनी नाही वाजवल्या. मी वाजवल्या.

फाटकाशी ऑटो उभी होती. काचीगुडा स्टेशन चालत दहा मिनिटांवर, पण सोबत वह्यांचे दोन गठ्ठे होते, आठवीतल्या मुलांनी ते ऑटोत चढवले. रोहिणी रडत होती. मॅडम आत बसल्या, पुन्हा उतरल्या, गठ्ठ्याची दोरी आवळली, पुन्हा बसल्या. मुलं बाजूला झाली आणि मी ऑटोच्या दांड्याला धरून उभी राहिले.

"मॅडम," मी म्हटलं.

"बोला की."

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला बंद करायला लावलं. मग माझ्याकडे वळून बसल्या, हात मांडीवर. त्यांच्या गाडीला जेमतेम वीस मिनिटं होती. मागे पीटीचे सर होते, आपा होत्या, सगळे होते, ऐकू येईल इतक्या अंतरावर. मॅडमनी घड्याळाकडेही पाहिलं नाही.

"पोहोचल्यावर फोन करा," मी म्हटलं.

त्या पुन्हा समोर वळून बसल्या. "हौ, करते," म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, चला. ऑटो स्टेशनच्या रस्त्याला वळेपर्यंत त्यांची पाठ मागच्या छोट्या खिडकीतून दिसत होती.

रात्री त्यांचा फोन आला. दोनदा आला. मी स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी होते, आणि मी उचलला नाही.